म्हातारीच्या फळ्या

गावाचं नाव मी लिहिणार नाही. त्यातली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि उरलेल्यांची मुलं वकील झाली आहेत. एवढंच सांगते की नागावच्या पुढे सुपारीच्या वाड्यांमधून रस्ता वळत वळत जातो आणि मग ते लागतं. तिथे नगरपालिका आहे, म्हणून त्याला शहर म्हणायचं. ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उभं राहिलं की समोर पाण्यातून वर आलेली काळी लाकडं दिसतात. आता तीन दिसतात. माझ्या लहानपणी चौदा दिसत. वाकडी, वर निमुळती होत गेलेली, दोन रांगांत. कुणीतरी भलामोठा मासा जेवून काटा तसाच टाकून उठल्यासारखी.

कोळीवाड्यात तिला म्हातारी म्हणत. "म्हातारी दिसाय लागली, आता होडी थितं न्हेऊ नको," असं पोरांना बजावत. माझे वडील, म्हणजे अप्पा, तिला गुराब म्हणत. गुराब म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा बसवलेलं, अख्खं सागवानी. अप्पा हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि पुस्तक कुठल्याही धड्यावर उघडलेलं असो, तास संपेपर्यंत ते गुराबेवर येऊन पोचत. फ्रेंच राज्यक्रांतीपासून गुराबेपर्यंत ते अकरा मिनिटांत आलेले मी स्वतः पाहिले आहेत. मुलं मागच्या बाकांवर पैजा लावत.

त्यांची हकिकत अशी. शत्रूच्या पाच जहाजांनी गुराबेला घेरलं, ती तीन दिवस एकटी लढली, आणि शेवटी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिच्या तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याने, स्वतःच्या हाताने तिचा तळ फोडला. मग चिडलेल्या शत्रूने बुडालेल्या जहाजाचीही लूट केली, तिच्या फळ्या, तुळया सगळं ओरबाडून नेलं, आणि म्हणून आज नुसत्या बरगड्या उरल्या. हे कुठल्या कागदात लिहिलेलं आहे, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. मी चौथीत होते तेव्हा शत्रूची जहाजं पाच होती. मॅट्रिकला पोचले तोवर ती अकरा झाली होती.

दर वर्षी माघात शाळेतर्फे धक्क्यावर कार्यक्रम होई. मांडव घालत, व्यासपीठ मांडत, अप्पांचं भाषण होई आणि मग लढाईचं नाटुकलं. मी घाऱ्या डोळ्यांची, एवढ्याच गुणावर मला शत्रूचा कप्तान करत. तोंडाला पावडर, अंगात अप्पांचा लग्नातला कोट, कमरेला लाकडी पट्टी. मी सलग सहा वर्षं त्या धक्क्यावर मेले. एका वर्षी मला मारणाऱ्या मावळ्याला शिंक आली आणि त्याची मिशी माझ्या तोंडात गेली, तरी मी मरणाचं सोंग सोडलं नाही. अप्पांनी घरी येऊन पाठीवर हात ठेवला होता. तेवढ्यासाठी मी आणखी सहा वर्षं मरायला तयार होते.

आमच्या घरात एकच माणूस गुराबेचं नाव काढत नसे. आई. तिला वाडी होती. अडीचशे सुपाऱ्या, साठेक नारळ, विहिरीवरचा पंप जो दर मंगळवारी बिघडे, आणि पडवीभर पसरलेले वाळत घातलेले वाल. झावळी पडल्याचा आवाज झाला की ती स्वयंपाकघरातूनच सांगे, "तिसऱ्या रांगेतला पाचवा," आणि बघायला गेलं तर तिसऱ्या रांगेतलाच पाचवा माड असे. अप्पा भाषण लिहायला पडवीतल्या झोपाळ्यावर बसत आणि एका पायाने जमिनीला रेटा देत. कड्या करकरत. आतून बिरड्याच्या फोडणीचा चर्र आवाज येई, ओल्या खोबऱ्याचा आणि हिंगाचा वास येई, आणि अप्पा वाक्य थांबवून विचारत, "झालं का?" आई म्हणे, "शत्रू बुडाला की बसा पानावर."

झोपाळ्याची फळी चार बोटं जाड होती. काळपट, गुळगुळीत, उन्हाळ्यातसुद्धा अंगाला गार लागणारी. तिच्या एका कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत खाच होती, तीत मी सागरगोटे लपवायची. मधे मेणाने बुजवलेली भोकं होती. आजोबांनी आणलेली फळी, एवढंच मला ठाऊक होतं. जन्मापासून पाठ टेकलेल्या लाकडाची कुणी चौकशी करतं का?

अप्पांनी मुंबई-पुण्याच्या विद्वानांना किती पत्रं लिहिली असतील याची गणती नाही. मी अकरावीत गेले त्या वर्षी एका पत्राला उत्तर आलं. लीला सबनीस नावाच्या बाई जुन्या जहाजांचा अभ्यास करत होत्या आणि त्या येणार होत्या. गावात उत्साह उसळला. नगराध्यक्ष बापूसाहेब गुराबेच्या जतन समितीचेही अध्यक्ष होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेचा तांडेल त्यांचाच पूर्वज. त्यांनी हार मागवले, बँड सांगितला. बाई मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरून एसटीने आल्या. बँडवाले गाडीतून उतरणाऱ्या एका जाडजूड गृहस्थाला हार घालून मोकळे झाले. ते विम्याचे एजंट निघाले. बाई मागच्या दाराने उतरून उभ्या होत्या. पँट, पुरुषी शर्ट, कॅनव्हासचे बूट, खांद्यावर झोळी. पन्नाशीच्या असतील. अप्पांनी त्यांना पाहून हात जोडले आणि ते बराच वेळ जोडलेलेच ठेवले.

गावात धड लॉज नव्हतं, म्हणून बाई आमच्याकडेच उतरल्या. अमावास्या जवळ आली होती, आणि अमावास्येला आमच्याकडे सकाळी सहा-साडेसहाला समुद्र सर्वांत खाली जातो. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही हिराबाईच्या होडीने निघालो. हिराबाई रोज आमच्या दारी मासळी आणायची, आणि मोठ्या ओहोटीला म्हातारीच्या बरगड्यांवरची कालवं फोडून आणायची. तिचा नवरा वल्हवत होता. अप्पांनी कोट घातला होता. होडी धक्क्यापासून वीस हात गेली नसेल तोच त्यांनी कडेवरून वाकून सकाळचा चहा समुद्राला अर्पण केला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की अप्पा या आधी कधी म्हातारीपर्यंत गेलेलेच नव्हते.

बाईंच्याही ध्यानात आलं असावं. त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही इथे किती वेळा आलात?"

"मनाने रोज," अप्पा म्हणाले.

आम्ही उतरलो. पायाखाली चिखल, वर घोट्याइतकं पाणी. बरगड्या जवळून केवढ्या तरी उंच होत्या, आणि त्यांना शेवाळाचा आणि मासळीचा मिसळलेला वास होता. अप्पांनी चपला काढून हातात घेतल्या आणि देवळात जावं तसं पाऊल ठेवलं. ते नेमकं कालवांच्या धारदार शिंपल्यांवर पडलं. तळवा चिरला. हिराबाईने त्यांना एका लाकडावर बसवलं, आपल्या फडक्याने पाय बांधला आणि म्हणाली, "मास्तर, देवळात चपला काडाव्या. कालवांवर न्हाय."

बाई तोवर मोजपट्टी घेऊन फिरत होत्या. एका बरगडीचं टोक त्यांनी ब्रशने साफ केलं, दुसरीचं केलं, तिसरीचं केलं. मग अप्पांकडे येऊन म्हणाल्या, "बाकीची कुठे आहे?"

"बाकीची म्हणजे?"

"तळ वाळूत असेल. पण बाजूच्या फळ्या, वरचा चालायचा तक्ता, आडव्या तुळया? इतकं सागवान असं नाहीसं होत नाही."

"शत्रूने नेलं," अप्पा म्हणाले. पाय दुखत असूनही आवाज भाषणाचा होता. "लूट केली."

बाईंनी टोकावरून बोट फिरवलं. "हे करवतीने कापलेलं आहे सर. आणि फार जुनं नाही. समुद्राला करवत चालवता येत नाही."

हिराबाईचा नवरा एकदम क्षितिजाकडे पाहू लागला. हिराबाई कालवं फोडत राहिली. परतताना समुद्राला अर्पण करायलाही अप्पांकडे काही उरलं नव्हतं.

दुपारी आईने कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या आणि सोलकढी केली होती. बाई दोन भाकऱ्या जास्त जेवल्या आणि हात धुऊन पडवीत आल्या. अप्पा झोपाळ्यावर पाय वर करून झोपी गेले होते. बाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग हळूच खाली बसल्या आणि चक्क झोपाळ्याखाली उताण्या सरकल्या. वर इतिहासाचे शिक्षक घोरत होते आणि खाली मुंबईच्या विदुषी टॉर्च लावून त्यांच्या पाठीखालचं लाकूड वाचत होत्या. मी दारात उभी. बाईंनी मला बोटाने बोलावलं. मीही सरकले.

"ही खाच बघ," त्या कुजबुजल्या. "शेजारच्या फळीला अशीच जीभ असते. ती यात बसवायची, मधे कापूस आणि राळ भरायची. पाणी आत येत नाही. घराच्या फळीला कुणी अशी खाच करत नाही. ही कुठून आली?"

मी आईला विचारलं. ती वाल सोलत बसली होती, आणि ते तिने थांबवलं नाही.

"तुझ्या आजोबांनी आणली. सगळ्यांनीच आणलं. मोठ्या ओहोटीला गाड्या घेऊन जायचे. ज्याच्याकडे बैल होते त्याने जास्त आणलं."

"अप्पांना माहीत आहे?"

"आठ वर्षांचे होते. या फळीवर बसूनच घरी आले, बैल हाकत. तुझी आजी सांगायची, दारात आल्यावरही उतरायला तयार नव्हते."

"मग शत्रूने नेली असं का सांगतात?"

आईने चार वाल सोलले. "एकदा सांगितलं असेल. लोकांना आवडलं."

आज मला वाटतं, गावोगावच्या इतिहासाबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही. तेव्हा मात्र मला फक्त राग आला. मी सहा वर्षं ज्या लुटीपायी मेले, ती लूट आमच्या पडवीत टांगलेली होती.

बाईंना चोरी पकडायची नव्हतीच. त्यांना फळ्या मोजायच्या होत्या. "कुठली कुठे बसत होती ते खाचांवरून आणि भोकांवरून कळेल. सगळ्या कागदावर मांडल्या तर जहाज उभं राहील," असं त्यांनी मला समजावलं, आणि दोन दिवस आम्ही दोघी गावभर फिरलो. मी माणसं ओळखत होते, त्या लाकूड ओळखत होत्या. मारुतीच्या देवळाची तुळई. न्हाव्याच्या दुकानातलं बाकडं. हिराबाईच्या सुकटीच्या मांडवाचे चार खांब. शाळेत गेलो तर कोपऱ्यात ते व्यासपीठ होतं, ज्याच्यावर उभं राहून अप्पा दर वर्षी लुटीचं वर्णन करत. बाईंनी ते उलटं केलं, खालची खाच बघितली आणि भिंतीला टेकून हसत राहिल्या. मलाही हसू आलं आणि आल्याबद्दल वाईट वाटलं.

सर्वांत मोठा शोध शेजारच्या दामूकाकांच्या परसात लागला. त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला एक चौकट होती, चौकोनी, जाडजूड, खुराड्याला अजिबात न शोभणारी. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. आतली कोंबडी त्यांच्याकडे बघत होती. "ही तोफेची खिडकी आहे," त्या म्हणाल्या. "जहाजाच्या कुशीत असते. यातून तोफेचं तोंड बाहेर काढायचं. कुंदा, हे एक लाकूड सांगतं की ते मालाचं गलबत नव्हतं, लढाऊच होतं. तुझे वडील एवढं खरं बोलत होते." अंधार पडत आला होता. नीट चित्र उद्या काढू म्हणून आम्ही घरी आलो.

त्या संध्याकाळी बापूसाहेबांकडे समितीची बैठक झाली. सरकार फळ्या जप्त करणार, ज्याच्या घरात सापडेल त्याला कोर्टात खेचणार, असं कुणीतरी म्हणालं. जे म्हणाले ते बापूसाहेबच होते, पण नंतर त्यांनी ते नाकारलं, म्हणून मीही कुणीतरी म्हणते. सकाळी गावाला वेगळाच वास येत होता. लाकूड जळतं त्याचा वास मला ठाऊक होता, आमचा बंब रोज पेटायचा. हा त्यात राळ मिसळलेला होता. न्हाव्याचं बाकडं दुकानातून गेलं होतं. देवळाच्या तुळईला शेंदूर फासला होता. बापूसाहेबांच्या दिवाणखान्याच्या दारावर एक वेलबुट्टीची पट्टी होती, तिला माणूस शिडीवर चढून हिरवा रंग देत होता. मी धावत दामूकाकांकडे गेले. कोंबड्या परसात मोकळ्या फिरत होत्या आणि काका बंबापाशी बसून फुंकणीने फुंकत होते.

"काका, चौकट?"

"कसली चौकट?" असं म्हणत त्यांनी आणखी एक फुंकर घातली.

मी चिमटा उचलला आणि बंबात घातला. काका ओरडले नाहीत, अडवलंही नाही. फक्त म्हणाले, "पोरी, मला नातवंडं आहेत. कोर्टात कोण जाणार?" चौकटीच्या चार बाजूंपैकी दीड बाजू हाती लागली. उजव्या हाताचं मनगट भाजलं, त्याचा डाग अजून आहे, आणि डॉक्टर बदलला की मला तो दर वेळी समजावून सांगावा लागतो.

अप्पा झोपाळ्यावर बसून पायाची पट्टी सोडत होते. मी ते धुमसणारं लाकूड त्यांच्या शेजारी फळीवर ठेवलं.

"ही तोफेची खिडकी," मी म्हणाले. "भाषणात तुम्ही अठरा सांगता. एकच उरली होती. दामूकाकांनी सरकारच्या भीतीने बंबात घातली."

अप्पांनी लाकडाकडे पाहिलं. त्यांनी त्याला हात लावला आणि चटका बसला तरी काढला नाही.

"आणि ही फळी तुम्ही आणली," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

मला वाटलं होतं ते नाकारतील, रागावतील, निदान भाषणासारखं काही बोलतील. त्या एका अक्षरावर मी रडले. अप्पा म्हणाले, "पहिल्यांदा वर्गात एका मुलाने विचारलं होतं, सर, बाकीचं जहाज कुठे गेलं. मी नोकरीला नवा होतो. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी ते होतं. माझ्या घरी होतं. मग तोंडातून शत्रू निघून गेला." मग पट्टी गुंडाळत ते म्हणाले, "पुढे मलाच तो दिसायला लागला."

त्यांनी पुन्हा पट्टी बांधली, उठले, आणि झोपाळ्याच्या कड्या काढू लागले. आई हात पुसत बाहेर आली. फळी जमिनीवर उतरल्यावर तिने तिचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "पुढचं टोक मी धरते. तुम्ही मागे लंगडा. कुंदे, तू मधे."

गुरुवार होता, म्हणजे बाजाराचा दिवस. आम्ही तिघं ती फळी घेऊन भर बाजारातून धक्क्याकडे निघालो. आई पुढे, मी मधे मनगटाला ओलं फडकं गुंडाळून, आणि मागे अप्पा एका पायावर. भाजीवाल्यांनी वाट दिली. मयत कुणाची, असं एकाने हळूच विचारलेलं मी ऐकलं. धक्क्यावर फळी ठेवली तेव्हा आमच्यामागे निम्मा बाजार जमला होता. भरती लागली होती, म्हातारी पाण्याखाली होती. अप्पांना व्यासपीठाची सवय, तरी त्या दिवशी ते खालीच, फळीशेजारी उभे राहिले.

"ही फळी माझ्या वडिलांनी जहाजावरून आणली," ते म्हणाले. "बैल मी हाकले. शत्रूने काही नेलं नाही. तेवढं मी बनवून सांगत होतो. तुमच्या घरी जे आहे ते जाळू नका. बाईंना मोजू द्या."

एवढंच. त्यांचं सर्वांत छोटं भाषण, आणि नेमकं त्याला टाळ्या पडल्या नाहीत. बापूसाहेब गर्दीतून पुढे आले. त्यांच्या बाहीला हिरवा रंग लागला होता.

"मास्तर, शोभतं का हे?"

"नाही शोभत," अप्पा म्हणाले. "पण आहे ते असं आहे."

मला वाटलं, आता लोक घरी जातील आणि उरलेलंही बंबात घालतील. अप्पांच्या मानेवर घाम आला होता, आणि आई पदराने वारा घेत समुद्राकडे बघत होती, जणू ती फळीबरोबर सहज आली होती. मग मासळीच्या पाट्यांमागून हिराबाई उठली.

"माज्या मांडवाचे चार खांब हायत तिचे," ती म्हणाली. "माजे सासऱ्यानं आनले. पन सुकट काडल्याबिगर मी न्हाय द्येनार, सांगून ठेवतंय."

"द्यायचे नाहीत," सबनीस बाई गर्दीत कधी आल्या होत्या कळलंच नाही. "मोजायचे आहेत. खांब तुमचेच राहतील."

"मंग मोज की. येवड्यासाठी मास्तरला फळी वाहाय लावलीस व्हय?"

तेव्हा पहिला माणूस हसला. न्हाव्याने सांगितलं की बाकडं जाळलेलं नाही, विहिरीत टाकलंय, सागवान आहे, कुजायचं नाही, काढता येईल. दामूकाका गर्दीच्या कडेने आले आणि अप्पांच्या कानाशी काही बोलले. अप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दुपारपासून लोक स्वतःच बोलवायला येऊ लागले, आणि आठवडाभरात असं झालं की ज्याच्या घरी म्हातारीचा तुकडा नाही त्याला कमीपणा वाटू लागला. एकाने तर आपला नवाकोरा पाट आणून दाखवला. बापूसाहेब सर्वांत शेवटी आले. "मोजा," ते म्हणाले, "पण रंगासकट."

बाई तीन आठवडे राहिल्या. मी शाळा बुडवून पट्टी धरली, मग माप लिहू लागले, मग डाव्या हातानेच रेघ मारू लागले. उजवा बांधलेला होता. आमच्या पडवीत मोठा कागद पसरलेला असे आणि त्यावर एकेक घर येऊन आपल्या जागी बसे. देवळाची तुळई बापूसाहेबांच्या दारापाशी, त्याखाली आमची फळी, तिला लागून शाळेचं व्यासपीठ, आणि मधे दामूकाकांची दीड बाजू, उरलेली अडीच तुटक रेषेने. आयुष्यभर मी पुढे नकाशाच्या ऑफिसात बसून धरणं, पूल, गोद्या काढल्या. कुठल्याच कागदाने तसा जीव धरलेला मला आठवत नाही. रोज सकाळी उठून बघावं तर जहाज आणखी थोडं वाढलेलं.

निघायच्या आदल्या दिवशी अप्पांनी बाईंना विचारलं, "लढली तर असेल ना?"

बाई चष्मा पुसत राहिल्या. "ते लाकूड सांगत नाही सर. पण ती पुष्कळदा दुरुस्त केलेली आहे. तुमच्याच फळीत तीन वेगळ्या काळची खिळ्यांची भोकं आहेत. कुणीतरी तिला पुन्हा पुन्हा नीट करून समुद्रात पाठवत होतं."

अप्पांनी मान डोलावली. त्यांना ते पुरलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही.

बाई गेल्या, आणि पुढच्या अमावास्येला सकाळी अप्पांनी मला हलवून उठवलं. त्यांनी कोट घातला नव्हता. पायात शाळेच्या शिपायाचे मागून आणलेले रबरी बूट होते, हातात वही. हिराबाई होडी घेऊन थांबली होती. म्हातारीपाशी उतरल्यावर ते पहिल्या बरगडीपासून हळूहळू चालत गेले, दोन्ही बाजूंना बघत, आणि एका ठिकाणी थांबले. बरगडीच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या जरा वर, एक आडवी खोबण होती, तिच्यात खेकडा बसला होता. इथल्या लोकांना ते तीस वर्षं जहाज समजावून सांगत आले होते. त्यांनी वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि मला विचारलं, "हे कशासाठी आहे?"

मी त्यांना सांगितलं. इथे तुळई बसायची, तिच्यावर तक्ता, तक्त्यावर माणसं. अप्पांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि मी फार भरभर बोलत होते म्हणून एकदा म्हणाले, "थांब जरा, पुन्हा सांग."